टॉमच्या पलीकडची सीट

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरात अमरावतीत हातगाड्यांवर दिसू लागली, की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या पोटात दुखतं.

हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही. माझी बायको शैला माहेरची शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. या दिवसांत तिच्या भावाकडून एक पेटी न चुकता येते. झाकणाच्या फळ्या उचकटल्या की सालीचा तो डोळ्यांत जाणारा वास घरभर होतो, पार देव्हाऱ्यापर्यंत. मी एक फोड तोंडात टाकतो. आणि डोळ्यांपुढे सासुरवाडीचा बगीचा यायचा सोडून येतं अमेरिकेतलं एक अफाट पार्किंग, त्यात धुमसणारी लोखंडी शेगडी, आणि शेगडीवर वाकलेला नारंगी टोपीतला एक धिप्पाड गोरा माणूस. त्याचं नाव टॉम. त्याने माझं कधी काही वाईट केलेलं नाही. खरी अडचण तीच आहे. केलं असतं तर मोकळेपणाने शिव्या तरी देता आल्या असत्या.

"आला का टॉम आठवून?" शैला माझं तोंड बघूनच विचारते. "ओवा देऊ का?"

तिला सगळं माहीत आहे. ती होती तिथे.

टॉमच्या आधी रफिकबद्दल सांगायला हवं, कारण भांडण (एकतर्फी का होईना) त्याच्यावरून आहे. रफिक आणि मी अकोल्याच्या जुन्या शहरातले. मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्ल्यांत त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक पिठाची गिरणी होती, तेवढंच अंतर. पहिलीपासून दहावीपर्यंत एक बाक. त्याची अम्मी मला हाक मारायची ती "बंडू, तेरेकू भूक लगी क्या?" अशी, आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायची. रफिक मला कधी बंडू म्हणाला नाही. तो म्हणायचा, "काहून बे बंड्या?"

'काहून' म्हणजे 'का', ते सोपं; पण हा 'बे' समजून घ्या. पुण्याच्या माणसाला 'बे' म्हटलं तर त्याचा चेहरा चहात मीठ पडल्यासारखा होतो. आमच्या वऱ्हाडात त्याचं वजन वेगळं. ओळखीच्या माणसाला 'भौ' म्हणतात, मोठ्याला 'दादा', साहेबाला 'साहेब'. 'बे' कुणालाही मिळत नाही. ज्याच्यासमोर आपल्याला रडायची लाज वाटत नाही, त्याला 'बे'. रफिक तर या बाबतीत पक्का कंजूष. अख्ख्या वर्गात त्याचा 'बे' फक्त मला होता. बाकीच्यांना 'ए', 'ओ', आणि एकाला तर चक्क 'जी'.

हिवाळ्याच्या रविवारी आम्ही त्याच्या मामूच्या शेतात रोडगे करायला जायचो. जाड दळलेल्या कणकेचे मोठे गोळे, आत तेलाचा हात फिरवून पदर पाडलेले, पेटलेल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून ठेवायचे. बाजूला वांग्याची भाजी रटरटत असायची. रोडगा बाहेरून काळा झाला म्हणजे आतून शिजला असं नसतं. तो काढायचा कधी, हीच त्यातली विद्या. ती माझ्याकडे होती. मी रोडगा हातात घ्यायचो, या हातातून त्या हातात उडवायचो, कानाशी न्यायचो आणि बोटाने टकटक करायचो. कच्चा रोडगा गच्च वाजतो. शिजलेला पोकळ वाजतो, रिकाम्या डब्यासारखा. मी मान हलवली की शिजला. रफिक सगळ्यांना सांगायचा, "हा बंड्या रोडग्याचा डॉक्टर हाय." आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव पदवी, जिच्यासाठी घोकंपट्टी करावी लागली नाही. पुढे मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि तो अमेरिकेला गेला, एका कॉलेजच्या गावात. तिथे तो यंत्रं शिकवतो.

चार वर्षांपूर्वीच्या आंबिया बहारात त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. म्हणाला, ऑक्टोबरात ये, तेव्हा इकडे फुटबॉलचा सीझन असतो. संत्री तोडायच्या दिवसांत शैला हलायला तयार नव्हती, तरी हलली. विमानात चौदा तास मी एकाच वाक्याची वाट बघत होतो. दारातून बाहेर पडलो, रफिक समोर उभा. डोक्यावर केस कमी, पोट माझ्याएवढंच. त्याने मिठी मारली आणि म्हणाला,

"कसा आहेस तू? प्रवास व्यवस्थित झाला ना?"

व्यवस्थित! मी मागे वळून पाहिलं, तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय का. तिथल्या मराठी मंडळात पुण्याची माणसं जास्त, त्यांच्यात बसून-उठून जीभ घासून गुळगुळीत झाली असणार. मी स्वतःला समजावलं. गाडी रस्त्याला लागली. तेवढ्यात गाडीतला फोन वाजला आणि सगळ्या गाडीभर एक जाडाभरडा आवाज घुमला:

"काऊन बे!"

आणि माझा रफिक, व्यवस्थितवाला रफिक, खिडकीच्या काचा थरथरतील असा ओरडला, "बोल बे टॉम्या!"

पुढचा तासभर मी बाहेरची झाडं बघत होतो. पानगळीचे दिवस होते. शैला म्हणत होती, "अवो, पाहा न, काय रंग हायेत!" मला सगळी झाडं एकाच रंगाची दिसत होती.

टॉमचं टायरचं दुकान आहे. आम्ही गेलो त्याच्या अठरा वर्षं आधी रफिकने वर्षभराच्या सामन्यांची तिकिटं पहिल्यांदा काढली तेव्हा शेजारच्या दोन सीट टॉमच्या निघाल्या. तेव्हापासून दर सीझनला तीच रांग, तोच शेजार. लग्नात कुंडली जुळवतात, यांची सीट नंबरने जुळली. रफिकने हे कौतुकाने सांगितलं. मी "वा" म्हणालो. असा कोरडा 'वा' मी निरीक्षक वर्गावर येतात तेव्हाच काढतो.

शनिवारी सामना दुपारचा, पण माणसं सकाळपासून पार्किंगमध्ये. गाड्यांची मागची दारं उघडून, खुर्च्या टाकून, शेगड्या पेटवून बसलेली. रफिक म्हणाला, ही इकडची रीतच, आधी खायचं मग बघायचं. सगळ्यांच्या अंगात नारंगी. त्या कॉलेजचा रंगच तो. नारंगी सदरे, नारंगी टोप्या, एका कुत्र्याच्या गळ्यातही नारंगी रुमाल. शैलाने पदर सावरत सगळीकडे नजर फिरवली. मग म्हणाली, "काय गोठ हाय बाई! आमचा अख्खा बगीचा चालून राहिला." तिनेही तिची नारंगी साडी नेसली होती, ठरवून नाही, एवढी एकच गरम ब्लाऊजवाली होती म्हणून. तासाभरात सात बायकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. मी तपकिरी स्वेटरमध्ये होतो. मला कुणी विचारलं नाही.

टॉमने माझा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि शेगडीकडे वळला. शेगडीत कोळसे. कोळशांत चांदीच्या कागदात गुंडाळलेले गोळे. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"रोडगे," रफिक अभिमानाने म्हणाला. "दर सीझनला करतो आम्ही. गोवऱ्या मिळत नाहीत इथे. टॉम एकदा शोधत एका गोठ्यावर गेला होता, तर मालकाने हाकलून दिलं."

ते दोघं पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण टॉमने तेवढ्यात एक गोळा चिमट्याने बाहेर काढला. कागद सोडवला. रोडगा या पंजातून त्या पंजात उडवला. कानाशी नेला. आणि बोटाने टकटक केलं.

खरं सांगतो, माझी मूठ वळली. पंचावन्नाव्या वर्षी, परक्या देशात, बायकोसमोर. माणसाने माणसाचं घर घ्यावं, शेताचा बांध सरकवावा, समजू शकतो. टकटक घ्यावी?

"हे माझं खातं आहे," असं काहीसं मी इंग्रजीत म्हणालो आणि दुसरा रोडगा उचलला. कागदासकट. तो थेट निखाऱ्यातून आला होता हे हातात आल्यावर कळलं. शैलाने पाण्याची बाटली ओतली. टॉमने गाडीतून मलम आणलं आणि स्वतः माझ्या बोटांना लावलं. टायरवाल्याचे हात, पण एवढे हलके, की मला आणखीच राग आला.

मलम लावता लावता तो बोलू लागला. त्याचं इंग्रजी नाकातून येणारं आणि माझं वर्गातलं, तरी एवढं मात्र स्पष्ट कळलं. रफिकची अम्मी गेली, त्या दिवसाचं तो सांगत होता.

त्या दिवसावर माझी मालकी आहे असं मी समजत होतो. अम्मी गेली तेव्हा रफिकला विमान मिळालं तरी तो वेळेत पोचणार नव्हता. मी अमरावतीहून निघालो, अकोल्याला कब्रस्तानात उभा राहिलो, आणि त्याच्या मामूने "रफिक की तरफ से तू डाल" म्हटल्यावर तीन ओंजळी माती दिली. आयुष्यात मी काही केलं असेल तर हेच. ते मी कुणाला सांगत नाही, पण कुणी विचारलं तर बरं वाटेल अशा बेताने गप्प राहतो.

टॉम म्हणाला, त्या दिवशी त्याने दुकान बंद ठेवलं होतं. सकाळी रफिकच्या घरी आला आणि दाराबाहेरच्या पायरीवर त्याच्याशेजारी बसला. बोलायचं काय हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून दिवसभर बोलला नाही. दुपारी पाव आणला. संध्याकाळी उठून गेला. "एवढंच," तो म्हणाला.

इतकी वर्षं मला एक रुखरुख होती, की मी इकडे माती देत होतो तेव्हा रफिक तिकडे एकटा बसला असेल. तो एकटा नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आतून एक खवचट आवाज आला, की त्याच्याजवळ बसला तो हा, तू होतास गिरणीच्याही पलीकडे, समुद्राच्या पलीकडे. मलम लावलेली बोटं घेऊन मी तिथल्या तिथे इतका खुजा झालो, की त्या रुमालवाल्या कुत्र्यानेही माझ्याकडे वरून पाहिलं असतं.

रोडगे मात्र उत्तम झाले होते. हे लिहिताना माझा पेन अडखळतो आहे.

मग आम्ही स्टेडियमला गेलो. ते आमचा अख्खा तालुका आत बसून वर जागा उरेल एवढं. रांगेत चार सीट: दोन रफिकच्या, दोन टॉमच्या. रफिकची बायको रुखसाना आणि टॉमची बायको यांनी आमच्यासाठी आपल्या सीट सोडल्या होत्या, दोघी बहुतेक सुटल्यासारख्या हसत घरी थांबल्या. बसायची पाळी आली तशी शैला आधी सरकली, मग रफिक, मग टॉम. शेवटी मी. म्हणजे माझ्या मित्राच्या एका बाजूला माझी बायको, दुसऱ्या बाजूला टॉम, आणि टॉमच्या पलीकडे मी. टॉम रुंदीला एवढा, की वाकलो तरी रफिकचा फक्त गुडघा दिसायचा. आठ हजार मैलांवरून मी एक गुडघा बघायला आलो होतो.

खेळाचं सांगतो. नाव फुटबॉल, पण पाय क्वचित लावतात. चेंडू शेंदाडासारखा, दोन्हीकडे निमुळता. चार वेळा प्रयत्न करून दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याला. चार सेकंद सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात, मग अर्धा मिनिट उठून सल्लामसलत. शैलाला दहा मिनिटांत समजलं. "मोठं सोपं हाय," ती टॉमच्या पोटावरून मला ओरडून म्हणाली, "भाऊबंदकीत बांध सरकवतात तसंच." टॉमला तिने तेच हातवारे करून सांगितलं आणि त्याला ते पटलं. ते तिघं एकाच वेळी उठायचे, एकाच वेळी "ओह!" करायचे. माझा "ओह" दरवेळी एक श्वास उशिरा यायचा, वर्गात प्रार्थनेत मागे राहिलेल्या मुलासारखा.

शेवटची काही मिनिटं उरली. आपल्या (त्यांच्या) संघाकडे चेंडू, ओलांडली की गुण मिळतात ती रेघ अगदी समोर. आणि अचानक ते अख्खं नारंगी रान गप्प झालं. एवढी माणसं, आणि झेंड्याची फडफड ऐकू यावी अशी शांतता. मी इकडे तिकडे पाहिलं. मला वाटलं, यांचा धीर सुटला. अकोल्याच्या मैदानात आपला गडी कबड्डी म्हणत समोरच्या अंगणात शिरला आणि पब्लिक गप्प बसलं, असं कधी झालं आहे? गप्प बसणारा एक तर समोरच्या गावचा, नाहीतर जावई. मी मनात म्हटलं, बंड्या, हीच वेळ. सीटवर चढलो, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोटातून, सकाळपासून साठलेलं सगळं गोळा करून, हाळी दिली:

"हाऽऽण त्याले! हाऽऽण! सोडू नोको बे!"

खाली मैदानात आपल्या संघाचा एक पोरगा दचकून वेळेआधीच पुढे सरकला. शिट्टी वाजली. पाच यार्ड मागे. सगळ्या रांगा माझ्याकडे वळल्या. ज्ञान मला नंतर मिळालं: आपला संघ चढाईवर असताना आपली माणसं श्वास रोखून बसतात, म्हणजे पोरांना एकमेकांच्या खुणा ऐकू याव्यात. आरडाओरडा करायचा तो समोरच्याची पाळी असताना. तो पोरगा माझ्यामुळेच सरकला असं मी म्हणत नाही. आसपासची दीडेकशे माणसं म्हणत होती.

तेवढ्यात टॉमच्या भिंतीमागून रफिक उभा राहिला. चेहरा लालबुंद, कपाळाची शीर फुगलेली, अगदी दहावीतला.

"चूप न बे बैताडा! बस खाली! गाढवासारखा काहून बोंबलून राहिला बे? पार वाटोळं केलं न! बस म्हनतो न बंड्या, नाईतर तठी येऊन हानीन तुले!"

दोन 'बे'. एक बैताड. एक बंड्या. व्यवस्थितचा मागमूस नाही.

मी बसलो. जगात कुणी शिव्या खाऊन इतक्या तृप्तीने बसला नसेल. स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. पुढच्या डावात संघाने रेघ पार केली की नाही, मी पाहिलं नाही. आजूबाजूचे उड्या मारत होते त्यावरून केली असावी.

गडबड ओसरल्यावर टॉम माझ्याकडे झुकला. त्याला शब्द कळले नव्हते, सूर कळला होता.

"तुझ्यावर तो नेहमी असा ओरडतो?" त्याने हळू विचारलं.

"नेहमी," मी खोटं बोललो. "लहानपणापासून."

टॉमने टोपी सारखी केली. "अठरा वर्षांत," तो म्हणाला, "माझ्यावर एकदाही नाही. माझ्याशी तो फार चांगला वागतो."

त्याच्या नारंगी टोपीखालचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. तिथे जे होतं ते मी लगेच ओळखलं, सकाळपासून तेच मी अंगावर घालून फिरत होतो. मला त्याची दया यायला हवी होती. आली, पण आधी बराच वेळ आनंद झाला. आपला स्वभाव लपवून काय करायचं?

परत येताना विमानतळावर रफिकने मिठी मारली. "सांभाळून जाजो बे," म्हणाला. तिसरा. घरी आल्यावर महिनाभर शैला मला कुठल्याही गोष्टीवरून "चूप न बे" म्हणून चिडवत होती. बोटांवर आता डाग नाही. मलम चांगलं होतं.

एवढ्यावर हे दुखणं थांबायला हवं होतं. पण सीझन दरवर्षी येतो. झाडं मोहरतात, फळ धरतं, पेट्या भरतात, आणि तिकडे ती चार सीटची रांग पुन्हा भरते, माझ्यावाचून. दर रविवारी सकाळी रफिकचा फोन येतो, आदल्या दिवशीच्या सामन्याची हकीकत सांगायला. त्यात 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त. त्या 'आम्ही'त मी नसतो, हे मराठीला नीट सांगता येतं, म्हणून मराठीचाही कधी कधी राग येतो.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा मी संत्रं सोलत होतो. पडद्यावर रफिक, आणि त्याच्या खांद्यामागे ती टोपी.

"ऐक बे," रफिक म्हणाला, "सीझन संपला की येऊन राहिलो तिकडे. शेंदूरजन्याच्या बगीच्यात रोडगे करू. आनि टॉमबी येऊन राहिला. त्याले खऱ्या गोवऱ्या पाहाच्या हायेत."

आतून कळ आली. पण मी आता वयाने मोठा झालो आहे. मनातल्या मनात मी एक बेत केला. वऱ्हाडात माणसाला लांब ठेवायचं शस्त्र शिवी नाही, आदर आहे. मी टॉमला 'साहेब' म्हणणार होतो. या टॉमसाहेब, बसा टॉमसाहेब, पाणी घ्या. आठ दिवस त्याला इतका मान द्यायचा, की त्याला कळावं आपण पाहुणे आहोत. मी घसा साफ केला. "नमस्कार..." अशी सुरुवातही केली.

तेवढ्यात टॉमने आपलं तोंड पडद्यात घुसवलं. हातात एक रोडगा, कानाशी धरलेला. टकटक केलं, डोळे मिटून ऐकलं, आणि डॉक्टरसारखी मान हलवत ओरडला, "काऊन बे बंड्या! पोकळ!"

"चूप न बे टॉम्या!" मी म्हणालो. "गच्च वाजून राहिला तो, कच्चा हाय! ठेव परत निखाऱ्यात!"

गेलं तोंडातून. परत घेता येत नाही. तिकडे रफिक खदखदून हसत होता, टॉमचा चेहरा मात्र शाळेत पहिलं बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता. अठरा अधिक चार वर्षांत त्याच्यावर वऱ्हाडीत पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं होतं.

शैलाने माझ्या हातातलं अर्धं सोललेलं संत्रं काढून घेतलं. "झालं?" ती म्हणाली. "आता त्याले बगीच्यात कुठी बसवता?"

बसवीन की. सतरंजी मोठी आहे, गोवऱ्या सासुरवाडीला भरपूर आहेत, रोडगे टॉमलाच भाजू देईन, टकटकही करू देईन, माझी झाल्यावर. फक्त एका बाजूला तो बसेल, एका बाजूला रफिक. मध्ये मी. त्यांना एकमेकांशी बोलायचं असेल तर वाकून बोलावं.